देव्हाऱ्यातले दाढीवाले आबा

शकुनभाभींचा फोन आला तेव्हा मी कांचघरला माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. जबलपुरातच, ओमतीच्या गल्लीत, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या खोल्यांना लागूनच त्यांचं घर. "दीदी, आज भैयाजी की घंटी नहीं बजी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आप आ ही जाइए." एवढ्यावरून मला सगळं कळलं. ज्या माणसाच्या पूजेच्या घंटेवर गल्लीतली पोरं शाळेला निघायची, ज्याची घंटा तापात चुकली नाही, कर्फ्यूत चुकली नाही, महामारीतही नाही, ती आज वाजत नाही याचा अर्थ एकच होता. मी पोचले तेव्हा तो देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीत होता. मांडीवर पूजेचं धोतर घडी घातलेलं, डोळे मिटलेले. आंघोळ करून जरा टेकला असेल... आणि राहिला. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? 'म्हणजे आज आबा उपाशी.' मग मला रडू फुटलं, आणि रडता रडता इतका संताप आला की मी उठून देव्हाऱ्याचं दार धाडकन लावून टाकलं.

हे आबा कोण, ते सांगितल्याशिवाय माझा दादा कुणाला कळायचा नाही. मराठ्यांच्या अंमलात आमचा कुणी मूळपुरुष लेखणी घेऊन या मुलखात आला आणि इथलाच झाला. वतन नाही, वाडा नाही. मागे राहिले ते फक्त देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि चांदीच्या पत्र्यावर उठवलेले चार-पाच टाक. आमच्यासारख्या घरांत कुलदेवतेचे टाक असतात तसे गेलेल्या कर्त्या पुरुषाचेही करतात. त्यांतला एक टाक बाकीच्यांहून वेगळा होता. जाडजूड, गोल, जुन्या चांदीच्या रुपयाएवढा, तांब्याच्या वाटीसारख्या कोंदणात घट्ट बसवलेला. त्यावर एका दाढीवाल्या पुरुषाचा बाजूनं दिसणारा चेहरा. हेच आमचे मूळपुरुष, दाढीवाले आबा. कडेनं काही अक्षरं होती, घासून घासून पुसट झालेली. आई म्हणायची, "मोडीत नाव लिहिलंय आबांचं." घरात मोडी येणारं कुणी उरलं नव्हतं, आणि बाहेरच्या ज्या एक-दोघांना यायची त्यांनी टाक चष्म्याजवळ धरून 'जुनी मोडी दिसते' असं म्हणून मान डोलावली होती. आबांना रोज चिंचेनं घासून आंघोळ, गंध, फूल, आणि वरणभाताची मूद. घरातल्या माणसांची जेवणं त्यानंतर. देव थोरल्याकडे राहतात अशी आमच्याकडची रीत, म्हणून वडील गेल्यावर कॉलेजातल्या कोवळ्या वयात ते दादाच्या गळ्यात पडले. आमच्यातला थोरला मधुकर म्हणजे दादा, मधला सुधीर आणि धाकटी मी.

दादा इतिहासात एम.ए. करत होता तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकाच्या शेवटी नाण्यांची छायाचित्रं होती. ती चाळता चाळता तो एका पानावर थबकला आणि पुस्तक तसंच उघडं टाकून सायकलवरून घरी आला. मी तेव्हा शाळेत होते. आई सोमवतीच्या स्नानाला ग्वारीघाटला गेली होती. दादानं आबांना देव्हाऱ्यातून उचललं, पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा घेतला आणि त्यात आबांचं तोंड दाबलं! मी त्याचा हात धरला. "काहून असं करून राहिला तू? आई मारेल." तो म्हणाला, "टॉर्च धर, बोलू नको." कणकेवरच्या ठशावर बाजूनं उजेड पाडला की पुसट अक्षरंही उठून दिसतात, हे त्याला कुठून सुचलं कोण जाणे. अक्षरं उलटी होती, पण मोडी नव्हती. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात होती तीच अक्षरं. डी... आर... आय... ए... तेवढ्यात खाली आईचा आवाज आला. दादानं आबांना पुसून जागेवर ठेवलं, मी गोळा पोळपाटावर घेतला आणि जीव खाऊन लाटला. आई वर आली तेव्हा ती पोळी तव्यावर होती. जरा कुंकवाची लाली होती तिला. आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली, आणि जिन्यात उभं राहून दादा माझ्या कानात म्हणाला, "हा रोमचा बादशहा आहे. हेड्रियन. आपण आत्ता बादशहा खाल्ला." मी इतकी हसले की मला ठसका लागला. पुढं काय वाढून ठेवलंय, ते तेव्हा कुठं ठाऊक होतं!

हेड्रियनबद्दल दादा बोलायला लागला की थांबायचा नाही. रोमचे आधीचे बादशहा नाण्यांवर गुळगुळीत तोंडाचे. हा पहिला, ज्यानं दाढी राखली आणि तशीच नाण्यांवर उमटवली, कारण ग्रीकांचे तत्त्वज्ञ दाढी राखत. लहानपणापासून ग्रीक भाषेचं, ग्रीक गोष्टींचं इतकं वेड की लोक त्याला चिडवून 'इवलासा ग्रीक' म्हणायचे. गादीवर बसल्यावर हा पठ्ठ्या राजधानीत टिकलाच नाही. राज्याची निम्मी वर्षं प्रवासात घालवली, अथेन्सला पुन्हापुन्हा गेला, तिथलं कित्येक पिढ्या अर्धवट पडलेलं देऊळ पुरं करून दिलं. पूर्वेकडच्या ग्रीक शहरांसाठी चांदीची मोठी नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला याचा चेहरा, आणि दुसऱ्या बाजूला अनेकदा त्या त्या गावचा देव. "तुम्ही तुमचे देव ठेवा, मी फक्त पाठीला पाठ लावून उभा राहतो," असं ते नाणं म्हणतं, असं दादाचं म्हणणं. पण त्याला सगळ्यात प्रिय होती ती वेगळीच गोष्ट. हेड्रियनचं घराणं मूळ लांबच्या प्रांतातलं. तरुणपणी त्यानं रोमच्या सभेत भाषण वाचलं तेव्हा त्याच्या गावंढळ उच्चारांना सगळे खदखदून हसले होते. दादा हे सांगून माझ्याकडे बघायचा आणि आम्हा दोघांनाही आमचे पुण्याचे नातेवाईक आठवायचे. आम्ही 'जाऊन राहिलो' म्हटलं की तिथली पोरं तोंडावर हात ठेवत, आणि आम्ही मात्र त्यांच्याकडून मेतकूट आणि दिवाळी अंक मागवून वर्षभर पुरवत असू. "आपण पण तसेच," दादा म्हणायचा, "ज्यांच्यावर जीव लावला तेच आपल्याला हसून राहिले."

नाणं आमच्या घरी आलं कसं, याचा पत्ता त्याला शेवटपर्यंत लागला नाही. कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या संग्रहातून निसटलं, की एखाद्या सराफानं मोडीत आलेली चांदी म्हणून दिलं, की आमच्याच कुणा पूर्वजानं 'दाढीवाला आहे, टाकाला बरा' म्हणून उचललं... घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा हा परदेशी आमच्या देवांत येऊन बसला होता आणि आता हलायला तयार नव्हता. खरं तर तो बसला होता, आणि हलता येत नव्हतं ते दादाला.

त्यालाही कारण घडलं. सुधीरचं लग्न पुण्याला ठरलं. सगळे जाणार, मग देवांचं काय? तर गावाला जाताना आपल्याकडे देव तांदळात ठेवतात, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत. दादानं पितळी डब्यात तांदूळ भरले, देव त्यात ठेवले, वर फूल वाहिलं आणि आम्ही निघालो. कार्यालयाच्या पायरीवरून आई घसरली, आणि कमरेचं हाड मोडलं ते मोडलंच. पुण्याच्या दवाखान्यात पडल्यापडल्या ती छताकडे बघत म्हणाली, "आबांना तांदळात पुरलं ना आपण." दादा शेजारी उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्या दिवसानंतर आई काठीशिवाय चालली नाही आणि तांदळाचा डबा पुन्हा निघाला नाही. मी लग्न होऊन कांचघरला आले. मी गावातच असून काही उपयोग नव्हता, कारण लग्न झालेल्या लेकीचे देव वेगळे. सुधीरनं पुण्यातच बस्तान बसवलं. दादा हिंदी शाळेत इतिहास शिकवायचा, तो शाळेतून घरी आणि घरातून शाळेत. शाळेची सहल भेडाघाटला जायची, तीही तो पूजा आटपून मागून बसनं गाठायचा.

त्याच्यासाठी नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगी तिथं कॉलेजात शिकवायची. शांत, चष्मेवाली, दादासारखीच पुस्तकातली. दोघं आमच्या गच्चीवर बराच वेळ बोलले आणि दादा खाली आला तो चक्क शीळ घालत. तिची एकच अट होती, नोकरी सोडणार नाही, तूच नागपूरला ये. तिकडं शाळाही तयार होती. दादानं आईला विचारलं, आपण सगळेच जाऊ, देवही नेऊ. आई म्हणाली, "आबा जबलपूरचे आहेत. त्यांना इथून हलवलं की काय होतं ते माझ्या कमरेला विचार." झालं. त्या मुलीचं पुढं दुसरीकडे जमलं. मी तेव्हा दादाशी कडाकडा भांडले. म्हटलं, "तुला माहीत आहे ना तो कोण आहे? मग सांगून टाक ना आईला. जबलपूरचा कसला? त्यानं जबलपूरचं नाव तरी ऐकलं होतं का?"  तो म्हणाला, "सांगतो. अन् तिनं मानलं तर? मग इतकी वर्षं ती कोणाला जेवू घालून राहिली होती? तिच्या सासूनं, तिच्या सासूच्या सासूनं... सगळ्यांचं असं एका वाक्यात काढून घेऊ का मी?"   मला एवढं कळत होतं की आई सोडणार नाही, आबा सुटणार नाहीत, आणि मध्ये माझा भाऊ चिणला जातोय.

या सगळ्यात त्यानं स्वतःसाठी एक खेळ शोधून काढला होता. नाण्याची मागची बाजू कुणीच पाहिली नव्हती. ती कोंदणातल्या लाखेत बुडालेली. कोंदण उघडायचं तर टाक खंडित होणार, आणि खंडित टाक पूजेत ठेवत नाहीत. म्हणजे मागे काय आहे हे बघायचं तर आईचे आबा मोडायचे. ते शक्य नव्हतं. म्हणून मी भेटायला गेले की तो गंध उगाळता उगाळता सांगायचा, "आज वाटून राहिलं, मागे वीणा घेतलेला अपोलो असेल." पुढच्या खेपेला, "नाही, ती इफेससची देवी असणार, दोन्ही बाजूंना हरणं असलेली." कधी झ्यूस, कधी सापाची काठी घेतलेला वैद्यांचा देव, कधी नुसतीच नशिबाची देवी. या नाण्यांवर जे जे सापडतं ते सगळं त्याला पाठ होतं. तो त्या देवतांची शहरं सांगायचा, शहरांचे समुद्र सांगायचा, बंदरातून दिसणारे डोंगर सांगायचा, जणू काल उतरून आला तिथं. आई आत माळ ओढत असायची. तिला वाटायचं, पोरगं स्तोत्र म्हणतंय. एकदा मी विचारलं, "समजा देवानं सांगितलं, एकच गोष्ट माग. काय मागशील? ग्रीसचं तिकीट?" तो म्हणाला, "तिकीट नको गं. हे उलटं करून एकदा दाखव म्हणेन."

आई खूप जगली. गेली तेव्हा दादा निवृत्त होऊन केस पांढरे करून बसला होता. तेराव्यानंतर मी स्पष्टच सांगितलं, आता पुरे. पासपोर्ट मीच फॉर्म भरून काढायला लावला. ग्रीसची सहल नेणारी एक कंपनी नागपूरची निघाली, तिची रंगीत पत्रिका आणून त्याच्या हातात दिली. देवांचं विचारलं तर सुधीर फोनवर म्हणाला, "दादा, आमच्या फ्लॅटमध्ये कोण करणार? नर्मदेत विसर्जन करून टाक, शास्त्रात चालतं." दादाही तयार झाला. मग एका सकाळी आम्ही दोघं ग्वारीघाटला गेलो. घाटावर फुलंवाल्यांची गडबड, पुजाऱ्यांची बोलावणी. एक नाव ठरवली आणि मधल्या धारेत आलो. दादानं मांडीवर डबा उघडला. नाववाला म्हणाला, "बाबूजी, यहीं डाल दीजिए, यहाँ गहरा है." दादानं बाळकृष्ण सोडला, अन्नपूर्णा सोडली, कुलदेवीचा टाक कपाळाला लावून सोडला. एकेकाला 'या आता' म्हणत होता. शेवटी आबा हातात राहिले. तो त्यांच्याकडे बघत बसला. नाव धारेनं फिरायला लागली, नाववाल्यानं दोनदा खाकरून दाखवलं. "दादा," मी म्हटलं, "सोड ना." त्यानं मान हलवली आणि आबांना रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

परतीच्या रिक्षात मी त्याला नको नको ते बोलले. आई नाही, शपथ नाही, बाकीचे खरे देव सोडले आणि हा एक खोटा तेवढा ठेवला! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं तरी असावं. इथं तर सोडलं तर सुटका होती. तो ऐकून घेत होता. ओमतीच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा म्हणाला, "ते सगळे आपले होते, म्हणून सोडता आले. आपल्या माणसाला सांगता येतं, बाबा, झालं आता, जा. हा आबा असता ना, तर सोडला असता मी. पण हा पाहुणा आहे. हा आला का स्वतःहून? आपण आणला, नाव बदललं, वर्षानुवर्षं जेवू घातलं, तोंड घासून घासून पुसून टाकलं. आता मला फिरायला जायचंय म्हणून त्याला पाण्यात ढकलू? पाहुण्याला असं नाही काढत घरातून." मी म्हटलं, मग एखाद्या संग्रहालयाला दे. तर म्हणे, "काचेत कोंडून ठेवतील." स्वतः आयुष्यभर दोन खोल्यांत कोंडलेला माणूस हे म्हणत होता. ती रंगीत पत्रिका पुढं कित्येक दिवस देव्हाऱ्याखालच्या फळीवर तेलाचे डाग झेलत पडली होती.

त्यानंतरची त्याची वर्षं एकट्या आबांबरोबर गेली. चिंच बंद केली त्यानं. ओल्या मऊ फडक्यानं नुसतं टिपायचा. "जेवढा उरला तेवढा तरी राहू दे." महामारीत न्हावी येईना तेव्हा दाढी वाढली ती तशीच ठेवली. शकुनभाभी चेष्टेनं म्हणत, "भैयाजी, अब तो आप ही बाबाजी लगने लगे." शेवटचं भेटले तेव्हाही मी नेहमीसारखी कटकट केली, गुडघ्यांचं दाखव, जेवणात मीठ कमी कर. तो चहा गाळत होता. म्हणाला, "तू ते सोड. मला आता वाटून राहिलं, मागे देव नसेलच." "मग काय असेल?" तर हसला, म्हणाला, "पुढच्या वेळी सांगतो, विचार चालू आहे." पुढची वेळ आलीच नाही. काय विचार चालू होता, ते त्याच्याबरोबरच गेलं, आणि मला सगळ्यात जास्त ते लागून राहिलंय.

तो गेल्यावर सुधीर आला, त्यानंच सगळं केलं. पण सुतकात त्याला देवाला हात लावता येत नव्हता. लग्न झालेली लेक म्हणून मी लवकर सुटले, तेव्हा आबांच्या आंघोळीचं काम माझ्याकडे आलं. एरवी लेकीचा हात चालत नव्हता, आता मात्र लेकीवाचून चालत नव्हतं! तेरावं झालं, सुधीर पुण्याला गेला, जाताना म्हणाला, "तू बघ काय ते." आणि मी बघत राहिले. रोज कांचघरहून रिक्षा, कुलूप, झाडू, एक फूल, चार शितं भात. आज शेवटचं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचे. सूनबाई विचारायची, "आई, तुम्ही कुठं जाऊन राहिल्या?" मी तिला काय सांगू, रोमच्या बादशहाला जेवू घालायला चालले? एका सकाळी गुडघा धरून जिना चढताना माझं मलाच दिसलं की अडकण्याची पाळी आता माझी आहे. माझ्यानंतर ही बिचारी सूनही एखाद वेळी याच जिन्यावर दिसेल. तेव्हा ठरवलं. हा टाक खंडितच करायचा. एकदा खंडित झाला की पूजा संपली, आणि कुणाला कुणाचा पाहुणचार नको. शिवाय दादानं देवाकडे जे मागितलं असतं तेही त्यातच होतं.

सराफ्यात आमच्या आईच्या वेळेपासूनचं एक दुकान आहे, तिथं गेले. दुकानदारानं आबांना उलटंपालटं करून पाहिलं. "माताजी, पक्का खोल दूँ? फिर पूजा में नहीं चलेगा." मी हो म्हटलं. त्यानं कोंदण मंद आचेवर धरलं. लाख मऊ झाली, काळी लकेर कडेनं बाहेर आली, आणि एका चिमट्यानं त्यानं नाणं उचलून घेतलं. मागची बाजू स्पिरिटनं पुसून ते माझ्या तळहातावर ठेवलं. मी बघतच राहिले. पुढचा चेहरा आमच्या बायकांनी घासून घासून सपाट केला होता, आणि मागं कुणाचा हातच लागला नव्हता. सगळं लख्ख. पायघोळ वस्त्र नेसलेली एक उभी आकृती, वस्त्राची चुणी न् चुणी दिसत होती. हातात कणसांची जुडी. बाजूला ठसठशीत अक्षरं, सी, ओ, एस... मी लहान पोरासारखी एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. बाई आहे की पुरुष, ते कळेना. देव आहे, की तो स्वतःच उभा आहे, तेही कळेना. दादानं सांगितलेल्या सगळ्या देवता मी आठवून पाहिल्या. कणसांचं तो कधी बोलला होता का? देव नसेलच म्हणाला, तेव्हा त्याच्या मनात हेच होतं का? दुकानदार माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. जबलपुरात ज्या एका माणसानं याच्याकडे नुसतं पाहून सगळं सांगितलं असतं, त्याला आम्ही महिन्यापूर्वी नर्मदेला देऊन आलो होतो.

सुधीरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, फोटो पाठव, इंटरनेटवर एका मिनिटात कळेल. पाठवायला हवा. अजून पाठवला नाही. मला ते इंटरनेटकडून ऐकायचं नाही, मला ते त्याच्याकडून ऐकायचंय, गंध उगाळता उगाळता, शहरासकट, समुद्रासकट. वास्तविक आता टाक खंडित झालाय. पूजा नाही, नैवेद्य नाही, मला कुणी बांधून ठेवलेलं नाही. तरी आज सकाळी पुन्हा ओमतीला आले. ते नाणं पालथं घालून, मागची बाजू वर करून, रिकाम्या देव्हाऱ्यात ठेवलं आणि दादाच्या पाटावर बसले. "दादा, हा कोण रे?" मी विचारलं. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता. गुडघे दुखत होते, घरी स्वयंपाक पडला होता, आणि मी मात्र तशीच बसून होते, कारण विचारल्यावर तो सांगितल्याशिवाय कधी राहिला नव्हता.